ताप मी आणला नाही

मी विषमज्वराचा एक जंतू बोलतोय. घाबरू नका, मी मेलेला आहे. काचेच्या चंबूत कोट्यवधी भावंडांसोबत वाढलो, मग आम्हाला गरम करून मारलं आणि लस म्हणून बाटलीत भरलं. जीव गेला, पण अंगरखा शाबूत राहिला. चरबी आणि साखरेच्या विणीचा हा अंगरखा म्हणजे आमच्या कुळाची खूण, आणि विषही त्यातच. माझं खरं आयुष्य मेल्यावरच सुरू झालं म्हणा ना.

पन्नास सालच्या फेब्रुवारीत मी वसईच्या पाचूबंदरात आलो. सरकारी डॉक्टर चर्चच्या आवारात टेबल मांडून बसले. वादळात होड्या हाकणारे भलेभले गडी सुई बघून पसार झाले. रोझलीन मात्र आपणहून पुढे आली. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणून नवरीला न्हाऊ घालायची त्यांची रीत. विहीर तीच, जिचं पाणी पिऊन तिचा भाऊ सायमन मागच्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेला होता. त्या पाण्याची तिला धास्ती वाटत होती. लग्न उद्यावर आलंय हे तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही आणि सुईचं आईला.

मी तिच्या दंडात शिरलो. तिथल्या पहारेकरी पेशींनी मला चाचपलं. त्या तोंड बघत नाहीत, वीण बघतात. हा मेलाय की जिवंत, हे त्यांना कळत नाही आणि त्या विचारतही नाहीत. अंगरखा ओळखीचा लागताच त्यांनी बोंब ठोकली आणि साऱ्या अंगात भट्टी पेटली. लोक म्हणतात मी ताप आणतो. मी कुठला आणतोय? मी नुसता पडून होतो. ताप तुमचं अंगच पेटवतं, तुमच्याच भल्यासाठी.

दुपारी रोझलीनला हुडहुडी भरली. तिची आई मार्गारेट उंबऱ्यावरच बसली. सायमनची सुरुवात अशीच झाली होती. रोझलीननं सुईचं सांगितलं, तर त्या सुईनंच रोग दिला असं घरात ठरलं. नवऱ्यामुलाची विनीमावशी फुलं घेऊन आली होती. तिनं कपाळाला हात लावून पाहिला आणि लग्न पुढे ढकला म्हणाली. पण दोन दिवसांनी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागणार होता, आणि उपासकाळात लग्नं लागत नाहीत. ईस्टरपर्यंत थांबावं तर नवरा अ‍ॅन्सेल्म आठवड्यानं बोटीवर खलाशी म्हणून जाणार, तो वर्षभरानं परतणार. तोवर तापाची पोर म्हणून तिचं नाव सगळ्या बंदरात झालं असतं. रोझलीन भिंतीकडे तोंड करून रडली. मला फार वाईट वाटलं.

लग्नाआधी नवऱ्यानं नवरीच्या दारात यायचं नसतं. तरी अ‍ॅन्सेल्म आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं दंड दाखवायला सांगितलं. सुईच्या जागी लालभडक गाठ होती. त्यानं स्वतःची बाही वर केली.

"बोटीवर घ्यायच्या आधी मना पन हीच सुई मारलेली," तो म्हणाला. "अशीच गाठ, असाच ताप. सकाळला उतरला."

"आनि नाय उतरला तर?" मावशीनं विचारलं.

"तर मी बोटीवर जायाचा नाय."

त्या संध्याकाळी विहिरीचं पाणी आलं. पण मार्गारेटनं ते उकळून झाकून ठेवलं. पहाटे रोझलीनचं कपाळ गार लागलं. मार्गारेटनं तिला त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं, दुखरा दंड तेवढा जपला, आणि लग्न ठरल्या दिवशीच लागलं.

आता माझ्या चिंध्या झाल्यात. पहारेकऱ्यांनी मला फाडलं, पण वीण तिच्या रक्ताला दाखवून ठेवली. पुढे तिनं दुसरी सुईही घेतली. त्या पावसाळ्यात माझे जिवंत भाऊबंद विहिरीत उतरले, आळीत दोन घरं तापानं झोपली. पोटुशी रोझलीन त्याच विहिरीचं पाणी पीत होती. तिच्या रक्तानं त्यांना पहिल्या स्पर्शात ओळखलं. तिला कणकणसुद्धा आली नाही.

उद्या सुईनं तुम्हाला हुडहुडी भरली, तर मला खुशाल शिव्या द्या, पण दंड पुढे करा.

मार्गारेट म्हणते, सायमन वरून बहिणीला राखतो. राखत असेल. त्याला नेलं माझ्याच भाऊबंदांनी. बहिणीला राखायला माझा फाटका अंगरखा त्याच्या उपयोगी पडला असेल, तर माझं मरण वाया गेलं नाही.