काळ्या बिअरचे दोष

हिमांशू बिअरचा घोट घेतो तेव्हा चोरी पकडायला आल्यासारखा दिसतो. आमच्या चाखणाऱ्या पॅनेलचा तो प्रमुख, त्यामुळे तो चेहरा मला पाठ आहे आणि त्याचा मला नेहमीच राग येतो. पण त्या सकाळी आला तेवढा कधीच आला नव्हता, कारण ग्लासात माझी बिअर होती.

चितेगावच्या कारखान्यात मी बिअर बनवते. कारखाना सगळा पिवळ्या, हलक्या बिअरचा. बर्फासारखी गार करायची, घटाघट प्यायची आणि चव आठवत बसायचं नाही. जर्मन पद्धतीची डॉपेलबॉक करायची परवानगी मी आमच्या मुख्य साहेबांच्या, नानासाहेबांच्या, हात धुऊन मागे लागून मिळवली होती. गडद तपकिरी, कडक, माल्टनं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवानं, भरलेली आणि थंड टाकीत काही महिने निवांत पडून राहिल्यावरच तयार होणारी. तिकडच्या मठांतले साधू उपवासाच्या दिवसांत हिच्यावर राहायचे, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपला साबुदाणा बरा गं बाई, त्यानं फक्त पोट फुगतं."

बिअर टाकीत पडून होती आणि बाहेर दुष्काळ वाढत होता. जायकवाडी धरणानं तळ गाठला. कारखान्यांच्या पाण्यात कपात झाली. मुकुंदवाडीत आमच्या घराभोवती तर नव्या इमारती उठतच होत्या. प्रत्येक बाथरूममध्ये चकचकीत शॉवर आणि खाली टँकरपुढे त्याच शॉवरवाल्यांची रांग. "माणसांना प्यायला पाणी नाही आणि तू बिअर करतेस," असं नातेवाईक मला भर कार्यात ऐकवायचे. ते खोटं थोडंच बोलत होते?

नानासाहेब पिशोर गावचे. घरची शेती, रोज सकाळी पहिला फोन विहिरीची चौकशी करायला. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"पोरी, तुझी टाकी रिकामी पायजे. मिळंल तेवढ्या पाण्यात चालू पिवळा माल काढावा लागंल. पॅनेलनं पास केली तर बाटल्यांत भरू, नाय तर नाल्यात. आजच."

"नानासाहेब, त्यात दुष्काळाच्या आधीचं पाणी आहे. ओतून दिलं तर ते पाणीही गेलं."

"मला कळत नाय व्हय? पण पॅनेलचा निकाल म्हंजी निकाल. मी मधी पडणार नाय."

आमच्याकडे नियम असा, की बिअर बनवणाऱ्यानं चाखण्याच्या खोलीत बसावं, पण निकाल लागेपर्यंत तोंड उघडू नये. माझ्यासारखीला ही शिक्षाच. आणि पॅनेलला शिकवलेलं एकच, दोष शोधणं. पिवळ्या बिअरला चांगलं लागावं लागत नाही, वाईट लागलं नाही की झालं. त्यामुळे यांच्या जिभेला काहीही जाणवलं की यांना शंका येते.

हिमांशूनं ग्लास उजेडापुढे धरला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि गिळला. शेजारी प्रयोगशाळेतल्या श्रेयानंही तेच केलं. नानासाहेब दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

"वास भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा," हिमांशू म्हणाला. "दोष."

टेबलाखाली माझ्या मुठी आवळल्या. तो वास यावा म्हणून मी माल्ट निवडताना जिवाचं रान केलं होतं.

"मागून काळ्या मनुका. दोष. चव काकवीची, पण चिकटून राहत नाही. तरी दोषच. कडवटपणा जेमतेम, गोडाला आवर घालण्यापुरता. गिळल्यावर छातीत ऊब."

"तो तर मोठा दोष," श्रेया म्हणाली. "लोण्याचा वास?"

"नाही."

"ओल्या पुठ्ठ्याचा?"

"तोही नाही."

बिघडलेल्या बिअरला खरोखर येणारे हे दोन वास, आणि ते नव्हते याचं हिमांशूला वाईटच वाटलेलं दिसलं. माझा तर जीव नुसता जळत होता. मला स्वतःला जमलं नसतं इतकं अचूक वर्णन हा माणूस करत होता आणि दर वाक्याला माझी बिअर नाल्याकडे ढकलत होता.

"थांब जरा," नानासाहेब म्हणाले. "तू दोष सांगायलास का जेवायला बोलवायलास? हितं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भाकर, काकवी, मनुका. तुझ्या ताटात आलं तर उठून जाशील व्हय?"

"नाही सर, पण बिअरमध्ये..."

"काय लागतंय ते लई झालं. बिघडलंय काय, ते सांग."

हिमांशूनं पुन्हा ग्लासात नाक खुपसलं, पण बिघाड काही सापडेना. एक कबूल करते, लबाडी त्याला जमत नाही. त्यानं मदतीसाठी श्रेयाकडे पाहिलं, तर ती गुपचूप आणखी एक घोट घेत होती.

"काय गं?" त्यानं विचारलं.

"काही नाही सर, खात्री करत होते."

मला खदखदून हसू आलं. नियम बोलण्याविरुद्ध होता, हसण्याविरुद्ध नव्हता.

"आपण हिला पिवळ्या बिअरच्या मापानं मोजतोय," हिमांशू हळूच म्हणाला. "पुन्हा चाखावी लागेल."

त्यानं नवा ग्लास भरून घेतला, गारवा जरा उतरावा म्हणून दोन्ही तळव्यांत धरून ठेवला आणि या वेळी सावकाश प्यायला. आम्ही तिघंही त्याच्या गळ्याकडे बघत होतो.

"पास," तो म्हणाला.

"लई झ्याक!" नानासाहेबांनी टेबलावर थाप मारली आणि बाटल्या भरणाऱ्या विभागाला फोन लावला. आता मला बोलायची मुभा होती, मी आनंदानं उठलेच.

तेवढ्यात हिमांशूनं बोट वर केलं. "पण एक दोष आहे. फेस फार लवकर बसतो. इतक्या भरदार बिअरवर तो दुधावरच्या सायीसारखा धरून राहायला हवा. ग्लास अर्धा व्हायच्या आत हा गेला."

तो अगदी बरोबर बोलत होता. भाकरीला नाही, काकवीला नाही, काळ्या बिअरमध्ये जे खरंच चुकलं होतं त्यालाच त्यानं नावं ठेवली होती, तिला तिच्याच मापानं मोजून. माझ्या बिअरचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"रागावलीस का?" हिमांशू घाबरला.

"नाही रे. खरं आहे तुझं."

"मग पुढच्या वेळी बघ, काय करता येतं ते."

पुढच्या वेळी! मी नानासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"माझ्याकडं काय बघतीस?" ते म्हणाले. "पाऊस पडू दे, मग कर."