सातच्या घंटेचा पहारा

रायनचा सैनिक सुरुवातीला दर रविवारी संध्याकाळी सात वाजता न चुकता मरायचा. शत्रूची चौकी समोर, गोळ्या सुटतायत, आणि हा पठ्ठ्या बर्फात बंदूक धरून खांबासारखा उभा. कारण वसईजवळच्या राजोडीत चर्चची सातची घंटा झाली की रायन कंट्रोलर सोफ्यावर टाकून उठायचा. त्याच खोलीत एका भिंतीला टीव्ही होता आणि दुसऱ्या भिंतीला छोटा आल्तार, म्हणजे देवाचा कट्टा. घरातली सगळी माणसं त्यासमोर उभी राहायची, आणि प्रार्थना संपेपर्यंत त्या घरात कोणी खाली बसत नसे, मग पाठीमागे टीव्हीवर महायुद्ध पेटलेलं का असेना.

संकेत खेळायचा तिकडे वसईच्या एव्हरशाईन सिटीत, आपल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. कॉलेजातली दोस्ती, पुढे दोघे कामाला लागले आणि भेटी कमी झाल्या, म्हणून हा खेळ धरला. दोघांनी मिळून लढायचा खेळ. दोन सैनिक, एक मोहीम. एक पडला तर दुसऱ्याने धावत जाऊन त्याला उठवायचं, दोघेही पडले तर सगळं पहिल्यापासून. रायनच्या किनाऱ्यालगतच्या घरी वीकेंडला मुंबईची माणसं भाड्याने राहायला येत. ती रविवारी दुपारी वाळू झाडून परत गेली की याला उसंत मिळायची, आणि संकेत कामाला होता त्या कामणच्या गोदामाला रविवारची सुट्टी. त्यामुळे सहा ते साडेआठ ही वेळ पक्की झाली ती सहा वर्षं हलली नाही.

मित्राचा धर्म काही सुटणार नाही आणि आपल्याला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळायची हौस नाही, हे कळल्यावर संकेतने एक पद्धत बसवली. सात वाजत आले की तो एखादी पडकी भिंत नाहीतर जळका ट्रक शोधायचा, रायनला आपला सैनिक त्यामागे आडोशाला उभा करायला लावायचा, आणि घंटा झाली की स्वतः पुढे बसून पहारा द्यायचा. दोघांपैकी एक देवाकडे गेलेला असायचा (गैरसमज नको, प्रार्थनेला) आणि दुसरा त्याची पाठ राखायचा. सहा वर्षांत रायनचा सैनिक सातच्या ठोक्याला पुन्हा म्हणून मेला नाही. याचा संकेतला गोदामातल्या प्रमोशनपेक्षा जास्त अभिमान होता.

रायनचा माईक तेवढ्या वेळात चालूच राहायचा. हेडफोन सोफ्यावर पडलेला, आणि त्यातून लांबून चार आवाज ऐकू यायचे. पुढे रायनच्या आईचा, कार्मिन आंटीचा ठणठणीत आवाज, मागून वडिलांची, निकोलस अंकलची पुटपुट, मग रायन आणि त्याची बहीण टिफनी. आपल्या घरच्या शुभंकरोतीत संकेत दोन ठिकाणी अडखळला असता, पण ही प्रार्थना त्याला कुठे श्वास घ्यायचा तेवढ्यासकट पाठ होती.

गेलं दीड वर्ष मात्र तो त्या चारांतला एकच आवाज ऐकत होता.

टिफनी वसईत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. संकेतच्या बाबांची, जयवंतरावांची साखर वाढली, दर महिन्याला रक्त द्यायची पाळी आली, आणि बाबांना लॅबमध्ये सोडायला जाण्याचा या मुलाला अचानक भयंकर उत्साह आला. बाबांची साखर उतरली तरी याचं जाणं काही थांबलं नाही. बाकीचं सांगत बसत नाही, सगळ्यांचं जसं होतं तसंच झालं. आता दोघांना लग्न करायचं होतं.

घरचे काय म्हणतील याची काळजी होतीच. एक घर साताऱ्याकडचं, गणपतीला गावी जाणारं, एक घर चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारं. पण संकेतची झोप उडाली होती ती रायनपायी. टिफनीने त्याला बजावून ठेवलं होतं, "आधी दादाला तू सांग. दुसऱ्या कोणाकडून कळलं ना, तर तो भांडणार नाही. गप्प होईल. आणि तो एकदा गप्प झाला की संपलं." संकेतला हे ठाऊक होतं. एका चुलत भावाशी रायन असाच गप्प झाला होता, आणि तो भाऊ दोन घरं सोडून राहत असूनही परका झाला होता. संकेतला दुसरा मित्र नव्हता. ऑफिसात ओळखी होत्या, सोसायटीत व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण मित्र हा एवढाच.

तीन रविवार त्याने ठरवलं आणि तीन रविवार शेपूट घातलं. "रायन, एक बोलायचं होतं," इथपर्यंत गाडी यायची. "बोल की." मग हा म्हणायचा, "डावीकडे दोघे आहेत." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा प्रत्येक वेळी डावीकडून खरंच कोणीतरी यायचं.

चौथ्या रविवारी टिफनीचा मेसेज आला. आज नाही बोललास तर जेवताना मीच सांगते.

त्या दिवशी खेळ सुरू करताना रायन म्हणाला, "आज आवाज घुमेल रे जरा. पाहुण्यांच्या पोरांनी हेडफोनची वायर तोडली. टीव्हीवरच चालू ठेवलाय, माईक कंट्रोलरचा." संकेत "बरं" म्हणाला. हे वाक्य त्याच्या एका कानातून गेलं ते वाटेत कुठेही न थांबता दुसऱ्या कानातून बाहेर पडलं. त्याच्या डोक्यात जागाच नव्हती.

सात वाजत आले. संकेतने एक दगडी गोठा शोधला, रायनला आत उभं केलं, आणि स्वतः दारात बसला. घंटा वाजली. "आलोच," म्हणून रायन उठला.

आता या संकेतची एक खोड सांगायला हवी. गोदामात तो डिस्पॅच बघायचा. माल उशिरा पोचणार हे पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला कळवायचं असलं की तो नंबर लावायच्या आधी फोन नुसता कानाला धरून आख्खं बोलणं एकदा म्हणून बघायचा. त्याशिवाय त्याच्याच्याने धड बोलवत नसे. गोठ्यात रायनचा सैनिक पाठमोरा उभा, कानात प्रार्थना सुरू झालेली, रायन कंट्रोलरपासून लांब. संकेतला वाटलं, रंगीत तालीम करायला याहून चांगली वेळ कुठली?

"रायन, ऐक," तो मोठ्याने म्हणाला. "चिडू नकोस. मी आणि टिफनी... म्हणजे दीड वर्ष झालं. आम्हाला लग्न करायचंय."

प्रार्थनेतला एक आवाज गळला. नेमका टिफनीचा. पण ठसका लागला असेल, असं समजून हा बहाद्दर पुढे निघाला. पहिलं वाक्य त्याला जरा कोरडं वाटलं होतं.

"तुला आधी सांगायला हवं होतं. कार्मिन आंटींना मी समजावेन. त्या वरून कडक आहेत, आतून नाहीत. तुझ्या डॅडींचं टेन्शन नाही, ते कधी काही बोलतच नाहीत. तू चिडलास तरी चालेल. शिव्या दे. फक्त रविवार बंद करू नकोस यार. मला दुसरं कोणी नाहीये."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप आलं. हे रायनसमोर गाळायचं, त्याने मनाशी ठरवलं.

प्रार्थना थांबली नव्हती. त्या घरात छप्पर कोसळलं असतं तरी 'आमेन'च्या आधी कोणी हललं नसतं. कार्मिन आंटींचा आवाज मात्र आज दरवेळेपेक्षा चढा लागला होता, आणि शेवट जरा लवकर आला.

मग कंट्रोलर उचलल्याचा खडखडाट झाला. रायनचा सैनिक वळला. "चल," रायन म्हणाला.

दोघे गोठ्यातून बाहेर पडले, उतारावरून खाली गेले, पूल ओलांडला. संकेतने दोनदा घसा साफ केला आणि शेवटी डोळे मिटून उडी घेतली.

"रायन, एक बोलायचं होतं."

"परत?" रायन म्हणाला.

"परत म्हणजे?"

"हेडफोन तुटलाय म्हणून सांगितलं होतं ना तुला? टीव्हीवर येतो तुझा आवाज. फुल व्हॉल्यूम."

तेवढ्यात मागून कार्मिन आंटींचा आवाज आला, अगदी शांत. "संकेत, कडक कोन आहे रे?"

"आंटी, मी... सॉरी आंटी, मला वाटलं..."

"मम्मी, तुम्ही सगळे आत जा जरा," रायन म्हणाला. "टिफनी, तू पण."

पावलं आत गेली. दार लोटल्याचा आवाज झाला. पुलाच्या पलीकडून गोळीबार सुरू झाला होता आणि संकेतचं लक्ष पडद्यावर नसल्यामुळे त्याचा सैनिक धड आडोशाला जाईना. गोळी लागली, तो पुलावर पडला. पडद्याच्या कडेला लाल पट्टी दिसू लागली. ती संपायच्या आत दुसऱ्याने येऊन उठवायचं. रायन दहा पावलांवर होता. तो हलला नाही.

"दीड वर्ष," रायन म्हणाला.

"हो."

"दर रविवारी मी तिथे उभा राहतो आणि माझ्या पाठीमागे तू असतोस. सहा वर्षांत मी एकदा तरी वळून बघितलं? डोळे मिटून उभा राहतो मी. संकेत आहे म्हणून."

लाल पट्टी अर्धी झाली.

"टिफनीवर प्रेम केलंस ते मला समजतं," रायन म्हणाला. "तू वाईट मुलगा नाहीस, ते मला तिच्या आधीपासून माहितीये. पण मी समोर असताना बोलायला तुला जमलं नाही. मी नसताना बोललास. पडद्यावरच्या त्या पुतळ्याला सांगितलंस, मला नाही."

"भीती वाटत होती."

"कसली? मी काय खरी बंदूक घेऊन येणार होतो तुझ्या सोसायटीत?"

"तू गप्प होशील याची," संकेत म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे वाक्य तो गाळणार होता ते सगळ्या घराने ऐकलं होतं. "तू एकदा गप्प झालास की संपतं. ते मी बघितलंय. टिफनीने नाही म्हटलं असतं तर रडलो असतो आणि पुढे गेलो असतो. पण तू गेलास तर रविवारी संध्याकाळी मी काय करू, ते मला खरंच कळत नव्हतं."

लाल पट्टी संपली. संकेतचा सैनिक मेला. एकट्या रायनवर चारी बाजूंनी गोळ्या आल्या, त्याने बोटही उचललं नाही, आणि तोही पडला. मोहीम फसली, पहिल्यापासून खेळणार का, असं पडद्यावर आलं. दोघांनीही बटण दाबलं नाही. संकेतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि खोलीत एकटाच असल्यामुळे त्याने ते पुसलंही नाही.

"मला राग आलाय," रायन म्हणाला. "तो जाणार नाही लगेच. दोन-तीन रविवार तुला त्रास देईन. पण मी येणार. कळलं? रागावून येणार, पण सहाला येणार."

संकेत नुसता "हं" म्हणाला.

"आणि आता नीट सांग. मी आहे इथे."

संकेतने सांगितलं. तालीम न करता, दोनदा अडखळत, मधले शब्द खाऊन. गोदामातल्या कुठल्याही पार्टीने एवढ्या वाईट बोलण्यावर फोन ठेवून दिला असता. रायनने शेवटपर्यंत ऐकलं.

आतलं दार उघडल्याचा आवाज आला. ते पूर्ण कधी लागलंच नव्हतं, हे एव्हाना संकेतला कळून चुकलं होतं.

"पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन जेवायला ये," कार्मिन आंटी टीव्हीजवळ येऊन म्हणाल्या. "असली मागनी कोन टीव्हीतून घालतं? मी अजून हो म्हटलेलं नाय. आधी तुझी आई काय म्हनते ते बघू."

"हो आंटी."

"आणि मी बोलतो," मागून निकोलस अंकल म्हणाले. "कधी कधी."

कोणीतरी फिसकन हसलं, ती टिफनी होती. मग तिला आंटींनी स्वयंपाकघरात पिटाळलं आणि खोलीत पुन्हा रायन एकटा राहिला.

"तुझ्या उन्नतीताईच्या लग्नात तू तिच्या नवऱ्याचा कान पिळला होतास ना?" त्याने विचारलं. "मी फोटो काढलेला."

"हो. मुलीचा भाऊ पिळतो. बहिणीला नीट सांभाळ म्हणून."

"आमच्यात नसतं तसलं."

"माहितीये."

"पण तुमच्यात तर आहे," रायन म्हणाला. "म्हणजे मला पिळावाच लागणार."

"नावापुरता पिळतात."

"मी नावापुरता नाही पिळणार."

"पिळ," संकेत म्हणाला. "दोन्ही पिळ."