ढब्बू एकटा असताना

सगळी इमारत तिला दातवाली म्हणायची आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण ती खरोखरच दात बनवायची. स्वयंपाकघराला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत, खिडकीपाशी तिचं टेबल होतं. दंतवैद्याकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती दिवसभर मेण, कानशी आणि घासायचं छोटं मशीन घेऊन त्यांवर काम करत बसायची. केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाला घास नीट चावता येत नाही, त्यामुळे घाई तिच्या स्वभावातच नव्हती. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. आपलं माणूस म्हणून एक थोरला भाऊ होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि दर रविवारी जेवायला यायचा.

आणि टेबलाखाली ढब्बू होता. बदामी रंगाचा, एक कान उभा, एक कान कायमचा पडलेला. चार वर्षांपूर्वी जनावरांच्या दवाखान्याच्या फाटकाला त्याला कुणीतरी बांधून ठेवून गेलं होतं. तेव्हापासून तो दातवालीच्या पायाशी. काम करताना ती त्याच्याशी अखंड बोलायची. "ही दाढ बघितलीस? महानाठाळ आहे. बसायचं नावच घेत नाही." ढब्बू शेपटी आपटून दुजोरा द्यायचा. ती भाजी आणायला निघाली तर ढब्बूही बरोबर असायचा. तो एकटा राहू शकतो की नाही, हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

ती वेळ दंतवैद्यांनी आणली. त्यांनी दात कोरून काढणारं एक नवं मोठं मशीन घेतलं. ते काही दातवालीच्या खोलीत मावणार नव्हतं. तेव्हा तिने रोज सकाळी दहा ते दोन त्यांच्या कार्यशाळेत यावं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी दोन वाजून गेल्यावर ती परतली तेव्हा जिन्यात खालच्या मावशी उभ्या होत्या. दातवालीने दार उघडलं. दाराची आतली बाजू खालपासून हँडलपर्यंत ओरबाडलेली होती, जमिनीवर लाकडाच्या ढलप्या आणि त्यातच लघवीचं थारोळं होतं. ढब्बू तिच्या अंगावर अक्षरशः कोसळला. त्याच्या पुढच्या पायाची दोन नखं रक्ताळली होती. निघताना वाडग्यात ठेवलेले चिकनचे तुकडे मात्र जसेच्या तसे होते.

"दहाला चार मिनिटं असताना, तू जिना उतरलीस तोच सुरू झाला," मागून मावशी म्हणाल्या. "दोनला दहा मिनिटं असताना थांबला. तोही घसा बसला म्हणून."

मावशींनी टेलिफोनच्या कार्यालयात एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज ऐकण्यात त्यांची हयात गेली होती.

"माफ करा मावशी, मी—"

"तक्रार करायलाच आले होते, खोटं कशाला बोलू? पण तो भुंकत नव्हता गं. भुंकण्याचा आवाज वेगळा असतो. हा हाका मारत होता."

रविवारी भावाने दार पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लाडावून ठेवलंयस त्याला तू. दोन रट्टे दे, सरळ येईल."

"दादा, जेव मुकाट्याने," ती म्हणाली. पण मनातून ती चरकली होती. सोमवारी ती ढब्बूला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी नखांना मलम लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. "चिकन खाल्लं नाही म्हणालात ना? मग हा खोडसाळपणा नाही. खोडकर कुत्रा आधी खाऊन घेतो. हा घाबरलाय. जीव जाईल असं वाटतं त्यांना. याला मारून उपयोग नाही, रागावूनही नाही."

"मग करू काय?"

"दोन गोष्टी. त्याला जेवढं सोसतं त्याहून जास्त वेळ तो एकटा राहता कामा नये. शिकेपर्यंत एकदाही नाही. आणि जेवढं सोसतं, तेवढ्यातच रोज सराव. जायचं आणि तो घाबरायच्या आत परत यायचं."

"किती वेळ सोसतं त्याला?"

"ते मला कसं कळणार? तुम्हीच शोधा."

'शोधा' हा शब्द दातवालीच्या डोक्यात घर करून बसला. चार वर्षं हा प्राणी आपल्या पायाशी झोपतोय आणि आपण नसताना त्याचं काय होतं, ते आपल्याला ठाऊकच नाही! त्याच संध्याकाळी तिने फळीवर एक जुना मोबाइल उभा केला, त्याचा कॅमेरा चालू केला आणि दार ओढून घेऊन जिन्यात बसली, हातातल्या मोबाइलमध्ये डोळे घालून. ढब्बू दारापाशी आला. बसला. सातव्या सेकंदाला त्याचा उभा कान मागे गेला. नवव्याला त्याने ओठ चाटले. अकराव्या सेकंदाला तो बारीक कण्हला आणि दातवाली धावत आत गेली.

सात सेकंद! चहा गाळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आता दहा ते दोन त्याच्यापाशी कोण बसणार, हा प्रश्न होता. ती भीतभीतच खाली गेली. मावशींना कुत्र्यांची धास्ती होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बसेन," मावशी म्हणाल्या. "पण मी त्याच्याकडे बघणार नाही आणि त्याने माझ्याकडे बघायचं नाही."

पहिले दोन दिवस त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी दातवाली परतली तेव्हा मावशींचे पाय खाली होते आणि ढब्बूची हनुवटी त्यांच्या चपलेवर. "मला उठता येईना गं," मावशी कुजबुजल्या. "तासाभरापासून पाणी प्यायलासुद्धा गेले नाहीये."

संध्याकाळी सराव चाले. तीन सेकंद, पाच, दोन, सहा, पुन्हा तीन. दर वेळी ती परत येई ती काही झालंच नाही अशा थाटात. वहीत नोंद करी. शेजारपाजारच्यांना वाटलं, हिचं दार बिघडलंय. दहा दिवसांत ढब्बू दीड मिनिटावर आला आणि तिथेच अडला. आणि अडणंही सरळ नव्हतं. काही संध्याकाळी तो मजेत लोळत राही. काही संध्याकाळी ती नुसती टेबलापाशी बसलेली असतानाच तो धापा टाकू लागे. हा ओळखतो कशावरून?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की कुत्री निघण्याच्या खुणा ओळखतात. म्हणून तिने एकेक खूण तपासायला घेतली. किल्ल्या उचलायच्या आणि बसून राहायचं. ढब्बू ढिम्म. चपला घालून भांडी घासायची. ढिम्म. खांद्याला पिशवी लावून वर्तमानपत्र वाचायचं. ढब्बूने जांभई दिली. तिने केस विंचरून पाहिले, खिडकी लावून पाहिली, ओढणी बदलून पाहिली. वहीची चार पानं भरली, हाती भोपळा. पण तिला त्याचा कंटाळा येईना. दिवसा कार्यशाळेत दात घडवताना तिच्या डोक्यात तेच घोळत असे.

एका संध्याकाळी ती वही घेऊन मावशींकडे गेली. मावशींनी चष्मा लावून सगळी पानं वाचली.

"यात एक गोष्ट नाही," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"तुझी बडबड. दिवसभर वरून तुझा आवाज झिरपत असतो. शब्द कळत नाहीत, पण सूर असतो. आणि तू निघायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं तो बंद होतो. पार बंद. मी तर घड्याळ न बघता सांगते, ही आता निघणार."

दातवाली बघतच राहिली. "मी गप्प होते?"

"तुला माहीत नाही?"

तिला खरंच माहीत नव्हतं. वर जाऊन ती टेबलापाशी बसली, कानस हातात घेतली आणि बोलणं थांबवलं. चौथ्या मिनिटाला ढब्बू टेबलाखालून बाहेर आला, तिच्या तोंडाकडे बघू लागला आणि धापा टाकू लागला. किल्ल्या खुंटीला होत्या, चपला कोपऱ्यात होत्या.

"अरे, मी कुठेही जात नाहीये," ती म्हणाली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली. निघायची वेळ जवळ आली की तिचं मन पुढे धावायचं. आता मागे काय होईल, त्याच्या नखांचं काय होईल, आणि त्या काळजीत तिची वाचा बसायची. तिची काळजीच त्याच्यापर्यंत पोचत होती.

मग सरावात गप्प बसण्याची भर पडली. रोज काही वेळा ती दहा-दहा मिनिटं गप्प राही आणि मग न जाता तिथेच बोलायला लागे. हे ढब्बूपेक्षा तिलाच जड गेलं. दुसरीकडे, जाताना मात्र बोलत बोलत जायचं. "त्या दाढेचं सांगत होते ना तुला, ती बसली एकदाची, आले हं." दार बंद. आठवड्याभरात धापा कमी झाल्या. दीड मिनिटाची तीन झाली, तिनाची सात, मग बारा.

आणि तिथे तिने माती खाल्ली. एका दुपारी दंतवैद्यांचा फोन आला. एका माणसाचा पुढचा दात तुटला होता, आणि त्याच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मावशी डोळे तपासायला गेल्या होत्या. बारा मिनिटं राहतो, तर थोडं अधिक राहील, असं मनाशी म्हणत ती गेली. परतायला चाळीस मिनिटं लागली. दाराच्या नव्या रंगावर नवे ओरखडे होते आणि ढब्बू न्हाणीघरात, बादलीमागे अंग चोरून थरथरत होता. तो तिच्याकडे आलासुद्धा नाही. त्या संध्याकाळी सरावात वीस सेकंद झाले आणि तो रडू लागला.

रविवारी भाऊ आला. आता हा म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? म्हणून ती तोंड फिरवून वाढत राहिली. भावाने दाराकडे पाहिलं, बादलीमागच्या कुत्र्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"माझ्याकडे शिकायला एक बाई आहेत," तो म्हणाला. "महिनाभर छान चालवत होत्या. परवा गाडी खांबावर नेऊन घातली. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगला हात लावेनात."

"मग?"

"मग काय, मैदानात नेलं. फक्त गाडी सुरू करा, बंद करा. दिवसभर तेवढंच." त्याने हात धुतले. "आण ती वही. तू जा बाहेर, मी जिन्यातून वेळ सांगतो. आणि हे बघ, रट्ट्याचं मी बोललो होतो ते विसर."

त्या दुपारी भावाबहिणींनी वीस सेकंदांच्या आतले पंचवीस फेरे मारले. जास्त एकही नाही.

गमावलेलं परत मिळवायला महिना गेला. पण एकदा अर्धा तास ओलांडल्यावर गाडी अशी सुटली की तिचाच विश्वास बसेना. अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन. दोन तासांपलीकडे ढब्बू अजून जात नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई कशाला? बारा वाजता मावशी वर येतात आणि दोन वाजेपर्यंत बसतात. आता त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

परवा कार्यशाळेत अकरा वाजता दातवालीने मोबाइल उघडला. इतके दिवस ती त्यात फक्त भीती शोधायची, कान, ओठ, श्वास. त्या दिवशी तिने नुसतं पाहिलं. ढब्बू उठला. अंग ताणलं. पाणी प्यायला. मग बाहेरच्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन बसला आणि समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे बघू लागला. वारा आला की त्याची मान हळूच डावीकडे जाई, मग उजवीकडे. हे वीस मिनिटं चाललं. ती घरी असताना तो त्या खिडकीकडे ढुंकूनही बघत नसे.

"काय झालं? सगळं ठीक ना?" दंतवैद्यांनी विचारलं.

"तो कपडे बघतोय."

"कुणाचे?"

"समोरच्यांचे."

दंतवैद्य चष्मा वर करून मोबाइलमध्ये डोकावले. त्यांना काही कळलं नाही, तेव्हा ते पुन्हा कामाला लागले.

संध्याकाळी दातवाली त्या खिडकीपाशी जमिनीवर बसली, डोकं ढब्बूच्या उंचीला आणून. समोर दोन शर्ट होते, एक पंचा आणि पायमोज्यांची ओळ. ढब्बू तिच्याजवळ आला, तिने काय एवढं पाहिलं म्हणून एकदा बाहेर नजर टाकली आणि आपल्या वाडग्याकडे निघून गेला. ती मात्र बराच वेळ तशीच बघत बसली.