तीस मीटर खोलीची बाटली

"मॅडम, तुम्ही लोक रानात कामाला जाता की प्यायला?"

प्रश्न भिंगरीने विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. मागच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींनी तिला पैजेवर चढवलं होतं. शाळेत पाहुण्या म्हणून आलेल्या बाई तळ्यांचा अभ्यास करायच्या. पडद्यावर त्यांच्या होडीचा फोटो होता. होडीत दोर, जाळी, एक मोठी बर्फपेटी आणि पेटीतून माना वर काढून बसलेल्या तीन रमच्या बाटल्या. "विचार ना, हिंमत असेल तर," अशी कुजबुज झाली, आणि हिंमत हा शब्द ऐकला की भिंगरीला बसवत नसे. मागच्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर तिच्या पायांना स्प्रिंगाच लागल्या होत्या.

वर्गशिक्षिकेचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा.

पाहुण्या बाई मात्र खो खो हसल्या. सगळे त्यांना तळेबाईच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. "कामाला जातो गं. प्यायलाही मिळतं, पण वही बंद झाल्यावर. वही उघडी असताना बाटली उघडली की आकडे झिंगतात, आणि झिंगलेले आकडे कुणाच्या कामाचे नसतात. आता या फोटोतल्या बाटल्यांचं म्हणशील तर..."

तेवढ्यात घंटा झाली आणि फोटोतल्या बाटल्यांचं सांगायचं राहिलं ते राहिलंच. जाता जाता तळेबाई तिच्या बाकापाशी थांबल्या. "शनिवारी आमच्या हंगामाची शेवटची बैठक आहे. सकाळी ये, दिवसभर काम कर, चारला बैठक बघ. आणि काम जमलं तर सुट्टीत तीन आठवडे वरच्या तळ्यावर कॅम्प आहे. एका शाळकरी पोराची जागा रिकामी आहे. मला प्रश्न विचारणारी माणसं लागतात, मान डोलावणारी ढीगभर आहेत."

झालं! मैत्रिणींची पैज बाजूलाच राहिली. भिंगरीच्या डोक्यात तळं शिरलं ते निघेना.

घरी बातमी सांगितली तेव्हा आई गणिताचे पेपर तपासत होती. तिने लाल पेन न थांबवता विचारलं, "फोटोत बाटल्या होत्या हे तूच सांगितलंस ना?"

"आई, त्या होडीत होत्या, त्यांच्या हातात नव्हत्या."

"होडीत काय शोभेला ठेवतात?"

बाबांचं औषधांचं दुकान होतं. माणसं कशाकशाने आजारी पडतात याचा हिशेब त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, "शिकलेली माणसं आहेत, म्हणून शनिवारी एक दिवस जा. पण नीट ऐक. एक जरी भानगड दिसली, एक जरी तक्रार आली, तर कॅम्पचं नाव या घरात काढायचं नाही. संध्याकाळी आम्ही दोघं न्यायला येऊ आणि डोळ्यांनी बघू."

"बघाच," भिंगरी म्हणाली. आली अंगावर तर घेऊ शिंगावर!

शनिवारी सकाळी आठला ती हजर. अभ्यासकेंद्र म्हणजे एक लांबडी पत्र्याची खोली, एक फ्रिज, एक मोरी, आणि भिंतीला टांगलेले इतके गमबूट की वाटावं, माणसं उडून गेलीत आणि पाय राहिलेत. तळेबाईंखेरीज तिथे तिघं होते. पहिला लंबू. तो इतका उंच की दार त्याला पाहून घाबरे. तो पुढचं शिक्षण घेत होता आणि नमुने सांभाळायचं काम त्याचं. दुसरे मोजणीसर, डोळा सूक्ष्मदर्शकाला चिकटवून पाण्यातले किडे मोजणारे, केस पांढरे, कोटाला शाईचे डाग. तिसरे ड्रायव्हरकाका. ते चहाशिवाय काही पीत नसत आणि तो मात्र बादलीने पीत.

भिंगरीने जाळ्या धुतल्या, दोर गुंडाळले, दोनशे छोट्या कुप्यांवर तारखा लिहिल्या. मोजणीसरांनी तिला भिंगाखाली एक किडा दाखवला. काचेसारखं अंग, आत टिकटिकणारं मोहरीएवढंही नाही असं काळीज. ती बघतच राहिली. "आणखी दाखवा ना," असं तिने सात वेळा म्हटलं आणि सरांनी सातही वेळा दाखवलं. दुपारी जेवताना तिने मनाशी पक्कं केलं, कॅम्पला जायचं म्हणजे जायचंच.

तीन वाजता तळेबाई म्हणाल्या, "मोरीपाशी जरा आवरून घेतेस? चारला बैठक."

मोरीवरच्या फळीकडे बघितलं आणि भिंगरी जागीच थबकली. तिथे तीन रमच्या बाटल्या होत्या. तिन्ही अर्ध्या, तिन्हींत तपकिरी पाणी, लेबलं ठसठशीत. आणि आई-बाबा यायचे होते! आई दारातून आत पाऊल टाकणार, तिची नजर शिक्षकाची, ती थेट फळीवर जाणार, आणि कॅम्प गेला पाण्यात.

विचार करायला वेळच नव्हता. म्हणजे होता, पण भिंगरीला तो घ्यायची सवय नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, एक मोठा श्वास भरून घेतला, नाक दाबून धरलं, आणि गुडगुडगुडगुड तिन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. वर तांब्याभर पाणी. रिकाम्या बाटल्या पोत्यात घालून पोतं दारामागे. दोन मिनिटांत फळी आरशासारखी लखलखीत. स्वतःवर खूश होऊन ती हात पुसत बाहेर आली.

चार वाजता बैठक सुरू झाली. टेबलावर एक नवी, सील न फोडलेली बाटली होती (सील आहे म्हणजे भानगड नाही, अशी भिंगरीने मनाची समजूत घातली), काकांचा चहा होता, भिंगरीसाठी लिंबाचं सरबत, आणि मध्ये एक पोचे आलेला पत्र्याचा मग. तळेबाईंनी कामाची वही बंद करून तिच्यावर दगड ठेवला. मग तिला नियम समजावला.

"हा चुकांचा मग. हंगामात केलेली सर्वांत मोठी चूक प्रत्येकाने सांगायची. ज्याची सर्वांत मोठी, त्याला पहिला घोट. तोवर बाटलीला हात लावायचा नाही. इथे सांगितली ती चूक संपली, पुढे कुणी टोमणा मारायचा नाही. पण लपवली आणि मागाहून सापडली, तर वर्षभर त्या माणसाने वहीला हात लावायचा नाही."

"एवढी शिक्षा?"

"चूक सगळेच करतात गं. पण लपवलेली चूक आकड्यांत जाऊन बसते, आणि मग पुढची दहा वर्षं आपण खोट्यावर खोटं रचत बसतो."

काका पहिले. "मी चार तास चुकीच्या तळ्यावर थांबलो. होडीतल्या माणसांना हात केले, त्यांनीही केले. मला वाटलं, हेच आपले. जवळ आले तर एक नवरा-बायको आणि त्यांचा कुत्रा. डबा मात्र चांगला दिला त्यांनी."

मोजणीसर घसा खाकरत म्हणाले, "मी किड्याची एक नवीनच जात शोधली. लांब, वाकडी, काळी. दोन तास चित्र काढलं. नाव ठेवायला घेतलं तेव्हा डोळे चोळले आणि जात नाहीशी झाली. माझ्याच पापणीचा केस हो तो."

"त्यावर लेख नाही ना पाठवलात?" तळेबाईंनी हसता हसता डोळे पुसले. त्यांची स्वतःची चूक अशी, की वही जीपच्या टपावर ठेवून जीप निघाली, आणि वही सापडली तेव्हा एका बकरीने मार्च महिना खाल्लेला होता. "बरं, नुसता मार्चच. एप्रिलला तोंडही लावलं नाही तिने!"

लंबूने थर्मामीटर पाण्यात सोडण्याऐवजी तीन दिवस खिशात ठेवून वाचला होता. "मी बाईंना फोन करून सांगितलं, तळ्याला ताप आलाय."

भिंगरी हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात होती. कुणी अजून थेंबही घेतला नव्हता आणि खोली पार झिंगली होती. तिला वाटलं, हीच माझी माणसं.

"बाटली फोडायच्या आधी नमुने फ्रिजमध्ये ठेवतो," म्हणत लंबू उठला. मोरीपाशी गेला, आणि तिथूनच ओरडला, "बाई! वरच्या तळ्याच्या बाटल्या कुठायत?"

"फळीवर. कालच आणल्यास ना?"

"फळीवर नाहीत! पाच मीटर नाही, पंधरा नाही, तीस नाही!" दारामागचं पोतं त्याच्या हाती लागलं. "रिकाम्या आहेत! कुणी प्यायलं?"

"पाणी?" काका म्हणाले.

"आयोडीन घातलेलं पाणी! किडे टिकावेत म्हणून घालतो ना आपण!"

"माझ्याकडे काय बघतोस?" मोजणीसर चिडले. "माझा घसा कोरडा असेल, पण तीस मीटर खोलीचं तळं पिण्याइतका नाही!"

"काकांनी चहात घातलं असेल," लंबू म्हणाला.

"अरे, रंग चहासारखा म्हणून काय काहीही बोलशील?"

हसण्याच्या लाटेवर लाट येत होती, आणि भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने पोत्याकडे पाहिलं. लंबूच्या हातात बाटली उलटी होती, आणि बुडावर चिकटपट्टी होती: तारीख, खोली, तळ्याचं नाव. पेटीत घासून लेबलं जातात, म्हणून ही माणसं बुडावर लिहायची. आणि तपकिरी काचेतून उजेड जात नाही, म्हणून प्यायलेल्या बाटल्या धुऊन जपून ठेवायची. सगळं लख्ख कळलं, फक्त तासभर उशिरा.

हसणं हळूहळू विरलं. तळेबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नऊ वर्षं झाली. त्या तळ्याच्या पाण्याचा एकही महिना चुकला नाही आपला; बकरीने मार्च खाल्ला तोही फक्त वहीतला. उद्या महिन्याचा शेवटचा दिवस."

लंबू पांढराफटक पडला होता. "नमुने माझ्या ताब्यात होते, बाई. कालच फ्रिजमध्ये ठेवायला हवे होते. मीच..." तो थांबला. "मला काही आठवत नाही, पण मीच ओतले असतील. धुवायच्या समजून."

"न आठवणारी चूक कशी लिहू मी?" तळेबाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर वहीवर गेली.

बाहेर स्कूटर थांबली. आईचा आवाज आला, पाठोपाठ बाबांचा.

भिंगरीच्या मनात दोन भिंगऱ्या एकदम फिरू लागल्या. कुणी पाहिलं नव्हतं. तोंडाला कुलूप लावलं की कॅम्प तिचा. फळी स्वच्छ, खोली स्वच्छ, बाबांना भानगड दिसणार नव्हती. आणि मागाहून सापडली ती लपवलेली, या नियमाने लंबू वर्षभर वहीविना बसणार होता, त्याने न केलेल्या चुकीपायी. तिला भिंगाखालचं ते टिकटिकणारं काळीज आठवलं. तसली पाच मीटरवरची, पंधरावरची, तीसवरची किती काळजं आपण नाक दाबून मोरीत सोडली?

ती उठली. स्टूल धाडकन मागे पडलं.

"मी ओतल्या."

दारात आई आणि बाबा उभे होते. बरं झालं, दोनदा सांगायला नको.

"मला वाटलं, रम आहे. आई-बाबांना दिसली तर कॅम्पला पाठवणार नाहीत, म्हणून तीनही बाटल्या मोरीत ओतल्या. वास येऊ नये म्हणून नाकही दाबलं, म्हणून आयोडीन कळलं नाही. कुणाला विचारलंही नाही. लंबूदादाची काही चूक नाही. माझी आहे, सगळी."

मोजणीसर हळूच म्हणाले, "पापणी हरली."

"बकरीही हरली," तळेबाई म्हणाल्या. त्यांनी मगात सरबत ओतलं आणि तो तिच्यापुढे धरला. त्यांचा चेहरा हसरा नव्हता, पण तो पोचे आलेला मग त्यांनी दोन्ही हातांनी नीट धरला होता. "नऊ वर्षांतली सर्वांत मोठी. घे."

भिंगरीने घोट घेतला. आंबट होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते लिंबाचंच असं तिने ठरवून टाकलं.

लंबूने तोवर जीपची किल्ली शोधायला सुरुवात केली होती. "पहाटे पाचला निघालो तर नऊपर्यंत रस्ता संपेल. पुढे दोन तासांची चढण. दुपारी पाणी भरून संध्याकाळी परत. होईल."

"मी टाकी भरून ठेवतो," काका म्हणाले. नवी बाटली तशीच राहिली. सील कुणी फोडलं नाही.

आई एक पाऊल पुढे आली. तिची नजर पोत्यातल्या बाटल्यांवरून मोरीवर, मोरीवरून मुलीवर फिरली. "घरी चल. कॅम्पचं बोलणं आता संपलं."

"पण ती खरं बोलली," बाबा पुटपुटले.

"खरं बोलली, ते भानगड करून झाल्यावर बोलली. अट तुम्हीच घातली होती."

भिंगरीने हातातला मग टेबलावर ठेवला. आवाज वक्तृत्वाच्या दिवशी होता त्याहून सरळ निघाला.

"आई, कॅम्पचं तुम्ही ठरवा. अट मोडली ती मी मोडली, मी भांडणार नाही. पण पाणी मी सांडलंय, तेव्हा उद्या पहाटे पाचला या जीपमधून मी वरच्या तळ्यावर जातेय. तुझे पावसाळ्यातले गमबूट मला होतात, ते घेऊन जाणार. बाबा, तुम्हाला बरोबर यायचं असेल तर मागच्या सीटवर जागा आहे."