चावरा कोट

शिंपीमास्तरांचा टेप कधी खोटं बोलत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. मास्तर तर त्याच्या शपथाच घ्यायचे. म्हणून त्या संध्याकाळी ते पार चक्रावले. उद्या बढतीची मुलाखत असलेल्या कारकुनाच्या अंगावर नवा कोट असा लोंबत होता, जणू खुंटीलाच टांगलाय. कचेरीत त्याला सगळे कासव म्हणायचे.

"मास्तर, मुलाखतीला चाललोय, शेत राखायला नाही. साहेब काय म्हणतील?"

'साहेब' हा शब्द बाहेर पडला आणि कोट चपखल बसला! मास्तरांनी चष्मा पुसला.

"परत म्हणा बरं."

"काय?"

"साहेब!"

कासवाचे खांदे सरसर कानांना भिडले.

"आता तुमच्या त्या लाडक्या भाचीचं काहीतरी सांगा."

"तिनं काल मी झोपलो असताना माझ्या तोंडावर पेनानं मिशा काढल्या," तो हसला. खांदे घसरले. कोट लोंबला.

मास्तरांना खेळच सापडला. साहेब, भाची, साहेब, भाची! खांदे आपले वरखाली. मग त्यांनी कपाळावर हात मारला. मापाच्या दिवशी हा बाबा मुलाखतीचंच रडगाणं गात होता.

"म्हणजे मी तुमचं नाही, तुमच्या धास्तीचं माप घेतलं! आता बेतू कोणत्या खांद्यांना?"

"घाबरलेल्या. उद्या तेच येणार माझ्याबरोबर."

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मास्तरांच्या बायकोनं मान वर केली. "अहो, उतरलेल्यांना बेता. वर चढले की कोट काखेत चावेल. चावला की भाऊजींनी लांब श्वास सोडायचा."

"आणि नाही उतरले तर, वहिनी?"

"तर बटण उडेल. समोर बसलेल्यांनी सांभाळायचं."

मास्तरांनी तिथल्या तिथं शिवण उसवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कामात लक्ष कुठलं? एका सदऱ्याची बाही त्यांनी कॉलरलाच जोडली. संध्याकाळी कासव दारात उभं राहिलं. मान चांगली लांब दिसत होती, पण अंगात कोट नव्हता.

"फाटला?" मास्तर ओरडले.

"छे! प्रश्न आला की चावायचा, मी श्वास सोडायचो, उत्तर सुचायचं. शेवटी साहेबांनीच विचारलं, सारखे उसासे का टाकताय? सांगितलं खरं काय ते."

"मग?"

"त्यांनी घालून बघितला. बढती दिली, पण कोट काही देईनात. म्हणाले, त्यांच्याही वर साहेब आहेत."

मास्तरांनी नव्या मापासाठी टेप गळ्यात अडकवला.

"त्यांना भाची आहे का हो?"