तिसऱ्या पानातली कमी ओळ

एकच फॉर्म तीन पानांवर तीनदा लिहिलेला दिसला की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवऱ्यांनी मारलेल्या बायकांच्या तक्रारींची साइट ती सांभाळत होती. बाईने तक्रार नोंदवायचं एक पान, ती दुरुस्त करायचं दुसरं, आणि नवऱ्याने ती वाचून उत्तर द्यायचं तिसरं. सोमवारी सकाळी तिने तिन्ही फॉर्म उडवले, एकच सामाईक फॉर्म लिहिला आणि सगळ्या पानांना जोडून दिला. नवऱ्याच्या पानात एक ओळ कमी होती. आधीच्या माणसाचा गबाळेपणा, दुसरं काय! ती ओळ आता आपसूक आली.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तो आलाय! दार फोडतोय!"

धाकटी नवऱ्यापासून सहा महिने लपून होती, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. ताई धावत सुटली. जिन्यातलं आग विझवायचं नळकांडं तिने उचललं. दार बिजागरीवर लोंबत होतं. आत तो धाकटीचे केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटत होता. तिचं मनगट भलतीकडेच वळलं होतं.

 ताईने नळकांडं त्याच्या खांद्यावर घातलं, हाड मोडलं. तो वळला तसं तोंडावर घातलं. तो पडला तरी ती हाणतच राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी तिला मागे ओढलं.

"पत्ता कोणी दिला? बोल!" ताई ओरडली.

तो रक्त थुंकत हसला. "तुझ्याच साइटने."

त्याचा मोबाईल फरशीवर उघडाच पडला होता. धाकटीची तक्रार, आणि खाली 'सध्याचा पत्ता'. सकाळपर्यंत नवऱ्याच्या पानात नसलेली तीच ओळ.

"मीच घातली गं ती ओळ," ताई रडत म्हणाली. "आज सकाळी."

धाकटी तिच्याकडे वळली. ओठावरून रक्त वाहत होतं.

"सगळ्या बायकांचे पत्ते दिसतायत?"

"हो."

"मग रडतेस काय? ऑफिसला फोन लाव!"

ताईने फोन लावून सांगितलं, तसा पलीकडून सहकारी म्हणाला, "पान बंद केलं. पण सकाळपासून चौदा नवऱ्यांनी उघडलंय."

 धाकटीने मोडलेलं मनगट पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन ओढून घेतला.

"त्या बायकांचे नंबर सांगा," ती म्हणाली. "भराभर."