बेमालूम पट्टी

घड्याळजींच्या मुलीने मला सुतारकामाला बोलावलं तेव्हा ती आधीच चिडलेली होती, आणि चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर मी जपूनच तोंड उघडतो. बाथरूमचा पाइप भिंतीच्या आत कधीपासून ठिबकत होता कोण जाणे. त्या पाण्याने पॅसेजच्या डाव्या भिंतीचं लाकडी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेली पट्टी, फुगून सडलं होतं. बोट लावलं की भुसा हातात येत होता.

"सगळं उपटून प्लास्टिकची पट्टी मारा," ती म्हणाली. "नाहीतर काही लावूच नका. बाबांना मी माझ्याकडेच नेणार आहे. परवा काठी या भोकात अडकली. तोंडावर पडायचे राहिले."

"मी कुठे जाणार नाही," आतून आवाज आला. "पट्टी सडलीय, मी नाही."

मागोमाग घड्याळजी स्वतः आले. आयुष्यभर भिंग डोळ्याला लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि शेवटी काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. त्यालाही बारा वर्षं झाली. बायको गेल्यापासून चार वर्षं एकटेच राहत होते. रस्त्यावर ते काठी पुढे ठोकत चालायचे, पण घरात काठीचं टोक डावीकडच्या स्कर्टिंगला घासत असे झपझप यायचे, की आपणच बाजूला व्हावं. पॅसेज संपतो तिथे स्वयंपाकघरात उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्याही ते भिंतीला हात न लावता उतरायचे.

बापलेकीत माझ्यासमोरच तह झाला. स्कर्टिंग होतं तसं झालं, काठी कुठे अडकली नाही, तर बाबा इथे राहणार; नाहीतर बॅग भरून लेकीकडे. म्हणजे म्हाताऱ्याचं घर माझ्या रंध्यावर येऊन ठेपलं. मला खरं सांगायचं तर ते आवडलं. हल्ली लोक मला कपाटाच्या बिजागऱ्या आवळायला बोलावतात.

बाजारात तसलं स्कर्टिंग मिळणारच नव्हतं. साडेचार इंच उंच, वर गोलाई, गोलाईखाली बारीक खाच. आता सगळं सपाट आणि चकचकीत. मी पुठ्ठ्यावर त्या आकाराचा साचा कापला, साच्यावरून लोखंडी पातं घासून घेतलं आणि गोलाई हाताने काढली. जुना रंग कधीकाळी पांढरा असेल, आता सायीसारखा पिवळट झाला होता. तो जुळवायला चार वेळा रंग कालवला.

"ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी एवढा रंग कशाला जुळवतोस?" घड्याळजींनी हसत विचारलं.

"तुमच्या मुलीला दिसतं ना, काका."

"ते मात्र खरं. तिला जरा जास्तच दिसतं."

जुन्या स्कर्टिंगमध्ये एक जोड होता. पायऱ्यांच्या थोडं अलीकडे कुणा आळशाने दोन तुकडे टोकाला टोक लावून ठोकून दिले होते आणि मध्ये चांगली नखभर फट ठेवली होती. ते पाहूनच माझं डोकं फिरलं. असल्या कामाला मी काम म्हणत नाही. मी अकरा फुटांची अख्खी फळी आणली, एकसंध पट्टी काढली आणि झोपायच्या खोलीपाशी जुनीला नवी मिळते तिथे तिरका काप घेऊन जोड असा बसवला, की त्यात केस शिरू नये.

काम झाल्यावर घड्याळजी गुडघे टेकून बसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवत गेले, परत आले, पुन्हा गेले. घड्याळाच्या काट्याचा बाक ओळखणारी ती बोटं. मग ते खाली बसूनच हसायला लागले.

"जोड सापडत नाही रे! बेमालूम! असं काम मलाही जमलं नाही कधी."

मुलगीही वाकून शोधत होती. तिलाही सापडला नाही. दिलेल्या शब्दाला जागून तिने भरायला काढलेली बॅग परत माळ्यावर टाकली. त्या दिवशी मी शीळ वाजवत घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बाबा पायऱ्यांवरून पडले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी दवाखान्यात पोहोचलो. "चक्कर आली म्हणतात," तिने सांगितलं आणि औषधं आणायला खाली गेली. घड्याळजींनी माझा हात चाचपला.

"मिस्त्री ना? लाकडाचा वास आला."

"काका, चक्कर कशी आली?"

"चक्कर कसली आलीय! जोड आला नाही रे."

मला कळेना.

"काठी त्या फटीवरून गेली की टक् वाजायची. टक् झालं की दोन पावलं आणि मग पायरी. मी कधी मोजलं नाही हं, पाय आपोआप सावध व्हायचे. नवी पट्टी म्हणून दोन दिवस जपून चाललो; मग नेहमीसारखा निघालो आणि टक् व्हायची वाट बघत चालतच राहिलो." त्यांनी माझा हात दाबला. "तिला सांगू नकोस. उगाच तुझ्यावर आग पाखडेल. काम मीच हात फिरवून पास केलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चक्कर आली म्हटल्यावर मुलगी त्यांना पुन्हा एकटं ठेवणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. ती जिन्यावरून येताना दिसली, आत आली, समोर बसली, आणि मी मूग गिळून बसलो. आपलं नाव वाचलं म्हणून त्या क्षणी मला बरंसुद्धा वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दोन महिन्यांनी मी तिच्या घरी गेलो. भिंती सरळ फरशीला टेकलेल्या, कुठे पट्टी नाही की उंचवटा नाही. घड्याळजी खुर्चीत बसले होते. "पाणी मिळेल का थोडं?" त्यांनी पाहुण्यासारखं विचारलं.

"सगळ्या तपासण्या केल्या," मुलगी दारापाशी हळू आवाजात म्हणाली. "चक्करेचं कारणच सापडत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. रात्रभर कान त्यांच्या खोलीकडे असतो."

तिथे उभ्या उभ्या मी सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "ते खोटं बोलले आणि तुम्ही दोन महिने गप्प बसलात?"

"हो."

तिने डोळे पुसले, आत गेली आणि त्या घराची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "होतं तसं करा पुन्हा."

पट्टी काढली तेव्हा मागे भिंतीत जुन्या खिळ्यांच्या खुणा होत्या, त्यावरून जोडाची जागा सापडली. आपल्याच चांगल्या कामावर करवत चालवताना हात जड होतो म्हणतात. माझा झाला नाही. नखभर फट पाडली, काठी घासून पाहिली, बरोबर टक् वाजेपर्यंत ती कोरत राहिलो.

रविवारी ती त्यांना घेऊन आली. वॉकर दाराशी ठेवून घड्याळजींनी काठी घेतली. "जोड परत केलाय, काका," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि काठी पट्टीला लावून हळूहळू निघाले. आम्ही दोघं मागे होतो. टक् झालं. एक पाऊल. दुसरं पाऊल.

पायरी कुठे आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी पाय पुढे केला, हवेत धरला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला. मुलगी मुद्दाम जागची हलली नाही. त्यांनी ती पायरी उतरावी म्हणून तिचा जीव किती तुटत होता, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी त्यांनी मागे हात केला. "कुठे आहेस गं? धर मला. चल, घरी जाऊ."

"बाबा, हेच तर घर आहे," ती रडत म्हणाली.

पण ते वळले होते, आणि तिचा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.